ऊन सगळ्यांचे, योजना कुणाची?

गेल्या ईदला पाचोडला गेलो तेव्हा चाचांनी नमाजनंतर लगेच कामाला लावले. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा अर्ज भरायचा होता. चाचांचे वय अडुसष्ट. मोसंबीची बाग आहे आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जावे लागते. सापाची भीती, पाय घसरण्याची भीती. सौर पंप बसला तर पाणी दिवसा देता येईल, एवढेच त्यांचे मागणे.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दिवसभर अर्जांचे रकाने आणि अटी लिहिणे हाच माझा धंदा. वाटले, अर्ध्या तासात अर्ज भरून होईल. सातबारा उघडला आणि गाडी अडली. जमीन अजून दादांच्या नावावर. दादांचा इंतकाल होऊन पंचवीस वर्षे उलटली, वारस नोंद कुणी केलीच नाही. आज मोजले तर वारस दहा: अब्बा, चाचा, दोन फुफी, आणि मरहूम मोठ्या चाचांची बायको व पाच मुले. सामायिक जमिनीसाठी बाकीच्या हिस्सेदारांची ना हरकत लागते, आणि आमची तर नावेच कागदावर नाहीत. चाचा म्हणाले, “जमीन तो अपनीच है ना बेटा?” आहे. पण कागदाला ते माहीत नाही.

चूक आमची होती आणि अटही गैर नाही. जमीन कुणाची हे न पाहता सरकारने पंप कसा द्यावा? पण परतीच्या एसटीत एक प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्याकडे निदान कागद दुरुस्त करायला जमीन तरी आहे. ज्यांच्याकडे सातबाराही नाही आणि स्वतःचे छप्परही नाही, त्यांच्यासाठी या सौरयुगात काय आहे?

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. देशात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याची राज्यातली अंमलबजावणी महाऊर्जा या संस्थेकडे आहे. २००३ च्या वीज कायद्याने राज्य वीज नियामक आयोगावर अपारंपरिक विजेला चालना देण्याची जबाबदारी टाकली. त्यामुळे वीज वितरण कंपन्यांना ठरावीक वाटा अशा विजेचा घ्यावाच लागतो. म्हणजे बंधन आहे, पण ते कंपनीवर. नागरिकाच्या वाट्याला आल्या त्या योजना.

योजना चांगल्या आहेत, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. सौर पंपासाठी शेतकऱ्याने फक्त दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, तीन मेगावॉटचा. अशा प्रकल्पातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते.

आता या योजना पाचोडच्या बाजारात घेऊन या. मोसंबीच्या गाड्या भरणारा हमाल भाड्याच्या खोलीत राहतो. छप्पर मालकाचे, म्हणून सूर्यघर त्याच्यासाठी नाही. बटईने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पंप नाही. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईची तर उलटीच काळजी: कृषी वाहिनीच्या प्रकल्पांना सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यात गायरानेही आहेत. शेळ्या चरायच्या कुठे? जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते, ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. शेळीवालीसाठी हिशेबात रकानाच नाही.

यात आपले लोक पुष्कळ आहेत. पण हा प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही. पैठणला नाथसागरावर तरंगत्या सौर प्रकल्पाची योजना आली, तेव्हा मासेमारीवर जगणारा कहार समाज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. भूमिहीन दलित, कहार, भटके, हमाल, बटईदार, सगळे एकाच रांगेत उभे आहेत.

मला वाटते, यावरचे उत्तर याच मातीत सापडते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली. तेव्हा रोजगार हमी ही एक योजना होती. वि. स. पागे यांनी ती मांडली, आणि १९७७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजनेत मागणारा लाभार्थी असतो, कायद्यात तो हक्कदार होतो. योजनेला मुदत असते. सूर्यघरची २०२६-२७ पर्यंत आहे. हक्काला अशी तारीख नसते.

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्यालाही त्यावर कायदा करता येतो. महाराष्ट्राने अपारंपरिक ऊर्जा आणि बचतीचा कायदा करावा आणि त्यात बिनछपराच्या माणसाचा वाटा लिहावा. तंत्र अवघड नाही. गावच्या शाळेवर, बाजार समितीच्या शेडवर पॅनेल बसवायचे आणि तयार होणारी वीज पन्नास भाडेकरूंच्या बिलांतून वजा करायची. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्येच काढली. गायरानावर प्रकल्प आला तर तिथे चारणाऱ्यांना भाड्यात वाटा मिळावा, हेही कायद्यात असावे.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. बचत आजच सुरू होते. एका मशिदीत वीस पंखे धरा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज सहा तास चालले तर महिन्याला सुमारे १६० युनिट वाचतात. आमच्या पाचोडच्या घराचे बिलही इतक्या युनिटांचे येत नाही. इस्राफ वाईट, हे आपण जुम्म्याला ऐकतो. तोच हिशेब मशिदीच्या मीटरवरही मांडू या.

दुसरे काम कागदांचे. तुमच्यापैकी ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येतात त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एक दिवस द्यावा. सातबारा, आठ-अ, वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना आठ तपासा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करा.

आणि इथे एक सावधगिरी. आम्हाला गावातल्या एका शहाण्या माणसाने सल्ला दिला, “फुफींच्या सह्या घ्या, हक्कसोडपत्र करा, चार दिवसांत काम होईल.” खरेच होईल. पण शरीअतने दिलेला, कायद्यानेही मान्य केलेला बहिणीचा हिस्सा एका पंपासाठी सोडवून घ्यायचा? जे सरकारकडे हक्क मागतात त्यांनी आधी घरातला हक्क द्यायला हवा. बाहेर आपण म्हणतो, आमचे नाव रकान्यात नाही. घरात तोच रकाना आपणच कोरा ठेवतो.

आम्ही दहाही नावांचा वारस अर्ज दिला आहे. मोठ्या फुफीने सही करताना विचारले, “मेरा नाम भी आएगा?” पंचवीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. फेरफार व्हायला वेळ लागेल. तोवर चाचा रात्री दोनला उठतील, मी त्यांना चांगली बॅटरी घेऊन दिली आहे. पंप उशिरा बसेल, पण बसेल तेव्हा दहाही जणांच्या जमिनीवर बसेल.