एरंडेल आणि रीस्टार्ट

आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांकडे सर्व दुखण्यांवर एकच औषध असे. एरंडेल! डोकं दुखो, गुडघा फुटो, नाहीतर गणितात भोपळा मिळो, पोट साफ झालंच पाहिजे. एरंडेल गेलं, पण पाजणारे गेले नाहीत. ते आता कचेरीत संगणकापाशी बसतात आणि "रीस्टार्ट मारा" म्हणतात.

आमच्या कचेरीचे रजेचे अर्ज, पगाराची बिलं वगैरे पडद्याआडून वाइल्डफ्लाय नावाचा एक सर्व्हर चालवतो. त्याला दोन दारं. लोकांचं दार ८०८० नंबरचं आणि कारभाऱ्याचं, म्हणजे ॲडमिन कन्सोलचं, ९९९०. एकदा हे ९९९० उघडेना. लगेच शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, रीस्टार्ट मारा की!"

का म्हणून? कारभाऱ्याची खोली उघडत नाही म्हणून सगळा वाडा रिकामा करायचा? ८०८० वर माणसं बिनतक्रार पगाराची बिलं भरत होती. पण मारलाच. अर्धी भरलेली बिलं सगळी गेली, आणि ९९९० जिथल्या तिथे बंद!

उघडणार कसं? हा प्राणी मुळातच कारभाऱ्याचं दार १२७.०.०.१ वर, म्हणजे आपल्याच घरात आतल्या बाजूला ठेवतो. दुसऱ्या टेबलावरून ठोठावलंत तर ओ देत नाही. याला आजार नाही म्हणत, संस्कार म्हणतात. हजार वेळा उठवा, तीच सेटिंग वाचून तो त्याच जागी बसणार. शिवाय कुठे बसलोय ते उठल्याउठल्या लॉगमध्ये लिहूनही ठेवतो बिचारा. वाचतो कोण? ब्राउझरसुद्धा बोलत असतो. "रिफ्यूज्ड" म्हणाला तर यंत्र जागं आहे, पण त्या दाराशी बहुधा कोणी नाही. "टाइम्ड आउट" म्हणाला तर बहुधा वाटेतल्या फायरवॉलने चिठ्ठी गिळली. दोन दुखणी वेगळी, पण एरंडेल एकच!

याहून भयंकर जात दुसरी. "०.०.०.० करून टाका," म्हणणारी. म्हणजे काय, तर दार सगळ्या दिशांना सताड उघडं. वाइल्डफ्लायचं पूर्वाश्रमीचं नाव जेबॉस. २०१६ साली सॅमसॅम नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जेबॉसच्या जुन्या, डागडुजी न केलेल्या सर्व्हरांतून आत शिरला आणि अमेरिकेतल्या इस्पितळांच्या फायलींना त्याने कुलपं ठोकली. रोग्याचे कागद अडकले, का? तर कोणाला तरी कटकट नको होती!

बरं, कटकट तरी केवढी? आपल्या टेबलापासून सर्व्हरच्या आतपर्यंत एसएसएचचं भुयार खणायचं, त्यातून ९९९० गाठायचं. आज्ञा एका ओळीची. मी ती टाइप करू लागलो की मागे कोणीतरी घड्याळ बघत उभा असतोच.

"एवढ्यात दोन रीस्टार्ट झाले असते, साहेब."