गांवचा सूर आणि अंतरींचा स्वर

संगीतांत शुद्धता राखावी, एका परंपरेचें गाणें दुसरीत मिसळूं नये, असें मानणारे रसिक सर्व काळीं असतात. त्यांचा हेतु वाईट नसतो. जुनें धन जपावें एवढीच त्यांची इच्छा असते. परंतु लोकगीतांस हा नियम लागू पडतो काय? कै. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या गायनावरून या प्रश्नाचा विचार चांगला करतां येईल असें आम्हांस वाटतें.

शिंदे हे कव्वाल होते. कव्वाली ही सूफी साधूंच्या दर्ग्यांत वाढलेली. मुख्य गायकानें ओळ उंच उचलावी, साथीदारांनीं ती झेलावी, टाळ्यांचा ठेका चढत जावा आणि श्रोत्यांचें देहभान हरपावें, अशी तिची रीत आहे. आतां आपलें वारकरी भजन पाहा. तेथेंहि एक पुढें म्हणतो व बाकीचे धरतात. तेथेंहि टाळांचा गजर वाढत जातो आणि एकच नाम पुनःपुन्हा घेऊन मन त्यांत बुडतें. भाषा निराळी, देवस्थान निराळें. पण अंतरींची ओढ एकच. म्हणूनच शिंदे यांनीं आपला खडा, कव्वालींत तापलेला आवाज विठ्ठलाच्या गीतांस दिला तेव्हां तो परका वाटला नाहीं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका व पुढें ध्वनिफिती गांवोगांव गेल्या. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांवरील त्यांचें गीत आजहि आषाढींत देवळादेवळांतून ऐकूं येतें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. शिंदे दलित समाजांत जन्मले, आणि डॉ. आंबेडकरांचें गुणगानहि त्यांनीं त्याच कंठानें केलें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत उपोषण करावें लागलें. त्या वेळीं शिंदे यांचें वय चवदाच्या घरांत होतें. ज्या समाजास त्या उंबरठ्याबाहेर उभें राहावें लागलें, त्यांतील एका गायकाचा स्वर आज विठ्ठलभक्तांच्या मुखीं बसला आहे. शुद्धतेचा अति आग्रह धरणाऱ्यांनीं हें मनाशीं तोलून पाहावें. कुंपण गाण्याला घालावयास गेलें तर तें माणसालाहि पडतें.

अमेरिकेंतहि असेंच घडलें. ‘कंट्री’ हें तेथील गौरवर्णीयांचें ग्रामीण संगीत समजलें जाई, आणि ‘सोल’ हें कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतून उमललेलें. रे चार्ल्स या अंध कृष्णवर्णीय गायकानें १९६२ सालीं कंट्री गीतांच्या दोन ध्वनिमुद्रिका आपल्या पद्धतीनें गाऊन काढल्या. त्यानें त्या गीतांची नक्कल केली नाहीं कीं थट्टाहि केली नाहीं. तीं आपलीं मानून गाइलीं. आपल्याकडे शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचें उदाहरण असेंच आहे. ‘जांभूळ आख्यान’ रंगविणारा हा लोककलावंत कव्वाली व गझलहि तितक्याच प्रेमानें गात असे, आणि नागपूर येथें व्यासपीठावरच त्यानें देह ठेवला.

तथापि दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ध्वनिफितींच्या लाटेंत कांहीं गोड गोष्टी बुडाल्या हें नाकारतां येत नाहीं. आपल्या पनवेल तालुक्यांतील आगरी घरांत लग्नाचे विधि धवलारणीच्या गीतांनीं होत आले आहेत. हळदीचा धवला वेगळा, मुहूर्ताचा वेगळा. हें सारें तिच्या मुखोद्गत. मांडवांत कर्णा लागला कीं तिचा आवाज दबतो. पण हा दोष मिश्रणाचा नव्हे. शिंदे यांनीं दोन परंपरा मिसळल्या, कारण दोन्ही त्यांच्या कंठांत वसत होत्या. ज्याच्या कंठांत एकहि नाहीं तो काय मिसळणार? यंत्रावर केवळ ऐकणारा आणि स्वतः कधींच न गाणारा समाज, हीच खरी हानि होय.

म्हणून आमचें मत असें कीं, मिश्रणास भिऊं नये, मुकेपणास भ्यावें. नेऱ्याच्या व आसपासच्या पाड्यांतील विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या घरच्या आजीजवळ बसून निदान एक धवला उतरून घ्यावा व तिच्याच चालीवर म्हणावयास शिकावें. मग शिंदे यांचें विठ्ठलगीत व एखादी कव्वाली लक्ष देऊन ऐकावी. ज्याला आपलें एक गाणें नीट येतें, त्याला दुसऱ्याचें गाणें परकें वाटत नाहीं. आणि ज्याला दुसऱ्याचें गाणें परकें वाटत नाहीं, त्याला दुसरा मनुष्य तरी परका कसा वाटेल?