अंगणाला सिमेंटचे झाकण

वसईच्या गावांतून आज नवे घर उभे राहिले की त्यामागोमाग आणखी एक काम हमखास निघते. ओटीपासून फाटकापर्यंतचे सारे अंगण काँक्रीटने झाकून टाकण्याचे! घराला पोर्च हवा, पोर्चला गाडी हवी आणि गाडीच्या चाकाला मातीचा स्पर्श होता कामा नये, असा जणू नवा दंडकच आपल्या समाजाने स्वतःला घालून घेतला आहे. या दंडकाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

स्वतःचे घर बांधण्याची ओढ आम्ही समजू शकतो. नोकरीतली, वाडीतली वा आखातातली पै-पै साठवून माणूस घर बांधतो आणि त्याच्या मनासारखे ते सजवतो, यात गैर काहीच नाही. शेणाने सारवायला आता घरी गुरे नाहीत, चिखलात म्हातारी माणसे घसरतात, लग्नाच्या मांडवाला सपाट जागा लागते, हेही आम्हाला मान्य आहे. परंतु या अडचणींसाठी ओटीपुढची चार हात जागा आणि एक पायवाट पुरते. त्यासाठी कुंपणापासून कुंपणापर्यंत कोबा करण्याचे कारण नाही.

जमीन आपल्या नावावर असते. पाऊस कोणाच्याच नावावर नसतो. एक हजार चौरस फुटांच्या अंगणावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे नऊ हजार तीनशे लिटर पाणी होते. आपल्या किनाऱ्यावर असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात. मातीचे अंगण त्यातले बरेचसे पाणी जिरवते; काँक्रीटचे अंगण जवळजवळ सगळेच बाहेर लोटते. ते जाते कोठे? जोते उंच केलेल्या नव्या घरातून शेजारच्या बैठ्या जुन्या घरात! ज्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याचा उपदेश आपण रविवारी ऐकतो, त्याच्याच उंबऱ्यात सोमवारी आपल्या पोर्चचे पाणी शिरते. जुलै 2018 मध्ये वसई दिवसचे दिवस पाण्याखाली होती. त्याचा सारा दोष बिल्डरांना देऊन आपण मोकळे झालो. आपल्या फाटकाच्या आत मात्र कोणी डोकावले नाही.

पावसाळा संपला की दुसरी बाजू दिसते. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून भरणा कमी आणि खालून उपसा जास्त झाला की खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. पूर्वजांनी हे ओळखून बावखले खणली, त्यांतले पाणी बागायतीला दिले आणि साठलेले जमिनीत मुरू दिले. आपण बावखले बुजवली आणि आता अंगणेही बुजवीत आहोत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईसाठी जे लोक रस्त्यावर उतरले, ते आपल्याच घरांतले होते. टँकरने पाणी पळवणाऱ्यांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. तेच पाणी जमिनीत शिरण्याआधीच अडवण्याचा अधिकार त्यांच्या मुलांना कोणी दिला?

काँक्रीट टाकायचेच असेल, तर निदान ते नीट टाकावे. गवंडी ओले काँक्रीट सोपे जावे म्हणून जास्त पाणी ओततो आणि मालक काम लवकर उरकले म्हणून खूश होतो. त्या जादा पाण्याने काँक्रीट कमकुवत होते. ओतल्यावर किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस ते ओले ठेवावे लागते. पोर्चच्या स्लॅबला खारी रेती वापरली, तर आतली सळई गंजून पापुद्रे सुटतात. गाडीसाठी चाकांच्या दोन पट्ट्या पुरेत. मधली माती मोकळी राहू द्या. फरशीचे ठोकळे बसवायचे, तर ते रेतीच्या थरावर बसवा. खाली काँक्रीट ओतले तर पाणी जिरण्याचा प्रश्नच उरत नाही. छपराचे पाणी पन्हाळीने गाळून विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडा.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात माणसाने सिमेंट, डांबर, काच आणि धातू यांत बुडून जगावे हे त्याच्या घडणीला धरून नाही, असे बजावले. ते परिपत्रक आपल्याकडे व्यासपीठांवरून पुष्कळदा गौरविले जाते. मग चर्चच्या आवारांतील काँक्रीटचे काय? सणाच्या मंडपासाठी आणि गाड्यांसाठी जिथे अख्खे आवार झाकले गेले आहे, तिथल्या पॅरिश कौन्सिलने त्याचा काही भाग उखडून झाडांना आणि पावसाला परत द्यावा, अशी आमची मागणी आहे. त्यानंतर धर्मग्रामातल्या घरांना सांगण्याचा अधिकार तिला येईल. नवे घर आशीर्वादित करायला येणाऱ्या धर्मगुरूंनीही आत शिरण्यापूर्वी यजमानाला एवढे जरूर विचारावे: पाऊस पडला की तुमच्या अंगणातले पाणी कोणाकडे जाते?