मुलाची तारीख, आईचा खाडा



मुलाला पोलिसांनी उचलले की संस्थेच्या दारात येते ती आई. बाप असलाच तर 'तूच लाडावून ठेवलास' म्हणून मोकळा होतो. मध्यंतरी आलेली बाई चार घरची धुणीभांडी करते. सोळा वर्षांच्या मुलावर मोबाइल चोरल्याचा आळ. बाल न्याय मंडळाने जामीन दिला, पण जामीनदार हवा म्हणून. झोपडपट्टीत ऐपतीचा दाखला कुणाकडे असतो? अकरा दिवस मुलगा निरीक्षणगृहातच राहिला. बाहेर भेटलेल्या वकिलाने पाच हजार मागितले. तिने कानातले गहाण टाकले. मग दर तारखेला एक खाडा, बसभाडे, झेरॉक्स. तिसऱ्या खाड्याला एक घर सुटले.

कोर्ट फीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९९४ साली महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना ही फी माफ केली. पण इथे बाई दावा लावायला आलेलीच नसते, आई म्हणून आलेली असते. तिच्या खर्चाला पावती नाही, मग माफी कशाची मागायची?

कायदा वाचला की अधिकच राग येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ नुसार जामीनदाराशिवायही मुलाला सोडता येते. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायलाच हवे. मोफत वकिलाची सोय पाहणे हे कलम ८ ने मंडळाचेच काम ठरवले आहे; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमात स्त्रिया व मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. यातले काहीही त्या बाईला कुणी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर सात दिवसांची तरतूद आम्हालाही उशिराच कळली.

मात्र एक गोष्ट कायद्यातच चुकली आहे. कलम १८ मंडळाला मुलाकडून किंवा पालकांकडून दंड घेण्याची मुभा देते. 'पालक' म्हणजे बहुतेक वेळा कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. आईचे मुलावर लक्ष नव्हते असे धरायचे, आणि ज्या कामापायी ते राहिले नाही त्याच कामाची मजुरी दंडात घ्यायची! दंड नसेल तर धाक कसला, असे आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. पण समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा हे मार्ग त्याच कलमात आहेत. दंडाची तरतूद गेलीच पाहिजे. शिवाय तारखेला येणाऱ्या पालकाला बुडालेली मजुरी आणि भाडे मिळाले पाहिजे.

आपापल्या गटाकडे येणाऱ्या आयांचा खर्च तारीखवार लिहून ठेवा: खाडा, भाडे, वकील, गहाण. नावे नकोत. पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवा. ते कागद घेऊन आपल्याला महिला व बाल विकास विभागाकडे जायचे आहे.