‘पुल ओव्हर’ आणि आमचा कासरा

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजीच्या तासाला सरांनी एक वाक्य तोंडी सांगितले व मराठी करायला लावले. मी उभा राहून उत्तर दिले, “पोलिसाने ड्रायव्हरला पुलावरून जायला सांगितले.” सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण त्यानंतर वर्षभर त्या तासाला तोंड उघडले नाही.

सरांच्या वाक्यात ‘पुल ओव्हर’ होते. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवणे, हा त्याचा अर्थ. चालक आपण होऊन थांबला तरी हेच शब्द, आणि पोलिसाने थांबवले तरी हेच. मात्र तेव्हा ‘त्याला’ हे सर्वनाम मध्ये बसते : ‘पुल्ड हिम ओव्हर’. ‘पुल अप’ म्हणजे गाडी येऊन थांबणे, ‘पुल आउट’ म्हणजे निघणे. आणि डोक्यावरून ओढून घालायचा स्वेटर तो ‘पुलओव्हर’!

मोटार तर कोणी ओढत नाही, मग हे ‘ओढणे’ आले कोठून? ‘पुल अप’चे मूळ घोड्याच्या लगामात आहे. लगाम खेचला की घोडा थांबे. रस्त्यावरून घोडे गेले, शब्द मागे राहिला.

हे वाचले आणि मला वडिलांचा हात आठवला. आमचे गाव नांदेड–लातूर रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे. समोरून एस.टी. आली की वडील कासरा ओढून बैलगाडी कडेला घेत. ज्या शब्दावर वर्ग मला हसला, त्याचा अर्थ मी लहानपणापासून गाडीत बसून पाहत होतो!

मित्रांनो, आपले ‘घेणे’ तरी काय कमी आहे? गाडी बाजूला घेतो, बोलणे मनावर घेतो, घर डोक्यावर घेतो, चुकलेल्याला फैलावर घेतो. हे अर्थ आपण कधी यादी करून पाठ केले का?

बारावीला मी लातूरला होतो. ‘लातूर पॅटर्न’ने मला सरावाची शिस्त लावली, तिचे ऋण मी मानतो. परंतु फ्रेजल व्हर्बच्या दोनशे ओळी पाठ करून परीक्षा सुटते, भाषा सुटत नाही. शब्द प्रसंगातून कळला की तो विसरत नाही. म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, यादी द्यायच्या आधी आम्हांला विचारावे, “हे तुमच्या गावात कसे म्हणतात?” खेड्यातला मुलगा इंग्रजीला भितो, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. आपल्याजवळचे तेथे काही उपयोगाचे नाही, असे त्याला वाटते म्हणून भितो.

माझे उत्तर चुकले होते, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी कोणी एवढेच विचारले असते, “अरे, तुझे वडील गाडी कडेला कशी घेतात?” तर मी वर्षभर गप्प बसलो नसतो.