शेड्यूल वनवरचे चिरंजीव

गावच्या वाचनालयाच्या अध्यक्षांच्या तसबिरीला हार चढून वर्षे लोटतात, तरी धर्मादाय कार्यालयाच्या दफ्तरी, ‘शेड्यूल वन’च्या उताऱ्यावर, ते अध्यक्षच राहतात. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना याचे आता नवलही वाटत नाही. 1950च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम 22 सांगते, की विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करा. सभेची नोटीस, ठराव, हजेरीपट, मृत्यूचा दाखला, नव्यांची संमती, जुन्यांची ना हरकत असा जुडगा घेऊन मंडळी वकील गाठतात. मुदत टळली, तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. एवढे करून प्रकरण दाखल झाले, की सारी घाई संपते आणि तारखा सुरू होतात. पुष्कळदा निकाल लागेतो त्या कार्यकारिणीचीच मुदत सरते आणि पुढच्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट तिच्या मागे रांगेत उभा राहतो.

2017च्या दुरुस्तीने यावर इलाज काढला. कामकाजाच्या 15 दिवसांत बदल तात्पुरता मंजूर करायचा, हरकतींसाठी 30 दिवस द्यायचे, कोणी काही म्हटले नाही तर तो कायम. सोय चांगली, पण एक हरकत आली की चौकशी लागते. आणि हरकतीला भांडवल ते काय लागते? सभासदत्वाची पावती आणि निवडणूक हरल्याचा राग! तेवढ्यावर पुढची सगळी मौज चालते. बँक ताजा उतारा मागते, उताऱ्यावर नाव जुने, म्हणून चेकवर सहीही जुन्याचीच. सभेने ज्याला घरी पाठवले, त्याला दिरंगाई पुन्हा खुर्चीत आणून बसवते. निवडून आलेल्यांनी वाचनालयाचे वीजबिल खिशातून भरायचे आणि हिशेबपत्रके रखडली की नोटीसही त्यांनीच घ्यायची.

देवस्थान असो की व्यायामशाळा, न्यासाची मालमत्ता बळकावली जाऊ नये म्हणून ही सारी तपासणी आहे आणि ती हवीच. पण फुकटच्या हरकतीने ती बळकावणाऱ्याच्याच पथ्यावर पडते. पोकळ हरकत फेटाळताना हरकतदाराकडून खर्च वसूल होऊ लागला, तर रांग बरीच आखडेल. तोवर संस्थांनी निवडणुकीत उमेदवाराची निष्ठा आणि कार्य पाहावेच, शिवाय प्रकृतीही पाहावी. निकाल ऐकायला माणूस हयात हवा.