सारांशाचा सोस

गेल्या काही वर्षांत दीर्घ लेखनाला एक शेपूट फुटले आहे. लेख संपतो न संपतो तोच लेखक स्वतःच 'थोडक्यात सांगायचे तर' म्हणून तीन ओळी खाली जोडतो. काही जण त्या आरंभीच ठेवतात. पडद्यावर वाचण्याची सवय जडल्यापासून ही रीत फोफावली आणि आता छापील पानांवर उतरू पाहत आहे. आपल्या अंकातील निबंधांवरही चौकटीत सारांश द्यावा, अशी सूचना काही वाचकांनी केली आहे. तिला माझा स्पष्ट विरोध आहे.

या रीतीचे इंग्रजी नाव 'टीएल;डीआर', म्हणजे 'फार लांब आहे, वाचले नाही'. मुळात हा वाचकाने लेखकाच्या तोंडावर फेकलेला टोमणा. 2013 साली ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात त्याला जागा मिळाली, आणि आज लेखकच तो शिरोधार्य मानून सारांशाचे शीर्षक म्हणून लिहितो. न वाचणाऱ्याने केलेला उपमर्द स्वहस्ते मिरवण्याइतकी शरणागती अन्य कोणत्या व्यवसायात आढळेल?

शोधनिबंधाच्या माथ्यावर सारांश असतो आणि तो असावाच. शेकडो निबंधांतून आपल्या कामाचा कोणता, हे अभ्यासकाला निवडायचे असते. एकश्लोकी रामायणही आपल्याकडे आहे; परंतु ते म्हणणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते. आमच्याकडे मागणी आहे ती वाचनाऐवजी चालेल अशा सारांशाची.

सीमाभागातील माणसाला तरी त्याचा धोका सांगावा लागू नये. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल आपल्यापैकी प्रत्येकाला 'ठाऊक' आहे. महाराष्ट्राला 264 गावे, कर्नाटकाला 247 आणि बेळगाव कर्नाटकातच, एवढे पाठ असले की झाले! समोरची बाजूही नेमके तेवढेच सांगते. वादाचे मर्म मात्र आतल्या पानांत आहे: भाषिक बहुसंख्येला कोठे किती वजन दिले, एका ठिकाणी लावलेला निकष दुसऱ्या ठिकाणी लावला की नाही. बॅ. अंतुले यांना त्या अहवालाच्या चिकित्सेसाठी स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले ते याचमुळे. निष्कर्ष मान्य करता येतो किंवा अमान्य. उलटतपासणी व्हायची ती युक्तिवादाची, आणि सारांशातून सर्वांत आधी गळतो तो युक्तिवादच. 'गीतारहस्या'चे तेच. 'गीता कर्मयोग सांगते' हे वाक्य कोणीही म्हणतो. संन्यासपर अर्थ लावणाऱ्या भाष्यकारांना टिळकांनी पंधरा प्रकरणांत दिलेले उत्तर मात्र कपाटात राहते.

ज्याला सारांशच हवा आहे, त्याला तो आता यंत्र क्षणार्धात काढून देते. मग संपादकांनी ती सेवा का पुरवावी?

लांबीविषयीची तक्रार सर्वस्वी खोटी नाही, हेही कबूल करतो. आपल्या अंकातील काही निबंधांत (माझेही धरून) पाल्हाळ असतो. त्यावर उपाय जुना आहे: हस्तलिखित खुणा करून लेखकाकडे परत पाठवावे आणि सैल परिच्छेद त्याच्याकडूनच काढवून घ्यावेत. या कामाला वेळ लागतो, लेखक रुसतात, अंक आठवडाभर लांबतो. चौकटीतल्या चार ओळींनी हे सारे टळते, आणि पाल्हाळ जिथल्या तिथे राहतो.